अनुशेष मोजतात तरी कसा?

निवडणूक आली की अमरावती, अकोल्यात सिंचनाच्या अनुशेषाचा विषय निघतोच. हजारो कोटींचे आकडे कानावर पडतात. पण तो आकडा निघतो कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. आपलं दुखणं नेमकं कुठे आहे हे कळायला आधी ती मोजणी कळायला हवी.

राज्य सरकारने 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिची रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, कृषिपंप अशा एकेका बाबीची राज्याची सरासरी काढायची. जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्याचं काही काढून घ्यायचं नाही, खालच्याची तूट तेवढी भरायची. 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये निघाला. त्यातले 39 टक्के एकट्या विदर्भाचे होते.

सिंचनाचा हिशेब जरा किचकट. एक हेक्टर ऊस भिजवायला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात गहू-हरभऱ्याचे कितीतरी हेक्टर निघतात. मग नुसते हेक्टर मोजून कसं चालेल? म्हणून सगळं ओलित रब्बी पिकाच्या मापात बदलून घेतात. त्याला म्हणतात रब्बी समतुल्य. समजा, शंभर हेक्टर पेरणीमागे राज्याची सरासरी तीस आणि जिल्ह्याची बारा, तर अनुशेष अठरा.

राज्यघटनेच्या कलम 371(2) नुसार 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1 एप्रिल 1994 ही तारीख धरून नवी मोजणी केली आणि आकडा 14,006 कोटींवर गेला. निधी कसा वाटायचा याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. खरी गोम 1 एप्रिल 1994 या तारखेत आहे. त्या दिवशीची तूट तेवढी अनुशेष ठरली. नंतर राज्य पुढे गेलं आणि आपण मागे राहिलो, तर ती वाढलेली दरी या हिशेबात येतच नाही. शिवाय रुपयांचा अनुशेष कागदावर भरला तरी धरणाची किंमत दरवर्षी फुगते, कालवे अर्धवट राहतात. म्हणूनच अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या चार जिल्ह्यांत हेक्टरांचा अनुशेष पुढेही कित्येक वर्षं उरला.

जिल्हा हे एकक धरण्यातही माझ्या मते मोठी चूक आहे. अमरावती जिल्ह्यातला वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा भूजल उपसून उपसून कोरडा पडत चालला. त्याच जिल्ह्यातलं दर्यापूर मात्र पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला दिलं की काळी जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, पीक पिवळं पडतं. मग कपाशी, तूर, मूग सगळं पावसाच्या भरवशावर. शेततळ्यात पावसाचं गोड पाणी साठवलं तर एखादं संरक्षित ओलित मिळतं. या दोन भागांची एकच सरासरी काढून दोघांचंही दुखणं दिसत नाही.

मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. पुढची मोजणी होईल तेव्हा ती तालुकावार हवी, जुनी तारीख सोडून आजच्या सरासरीवर हवी, आणि खारपाणपट्ट्यातल्या विहिरी ओलिताच्या खात्यात धरण्याआधी त्यांचं पाणी तपासलेलं हवं.