तापलेली मालमोटार पुन्हा सुरू का होत नाही?

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाइतीस स्थैर्य आले. आज गळिताच्या हंगामात सोमेश्वरनगर, माळेगाव व भवानीनगर येथील कारखान्यांच्या वाटेवर उसाने भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी यांची रीघ लागलेली असते. वजनकाट्यापाशी पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या कित्येक मालमोटारींची इंजिने तासन्‌तास चालूच ठेवलेली आढळतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: ‘एकदा बंद केली तर तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.’

हे दुखणे क्षुल्लक नव्हे. उभे इंजिन ताशी सुमारे दीड-दोन लिटर डिझेल जाळते. दहा तासांच्या मुक्कामास पंधरा-वीस लिटर झाले. शिवाय मोटार रस्त्यातच अडली, तर तोडलेला ऊस वाळतो. तोडणीनंतर ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा हे सर्वज्ञात आहे. पुढे वजन घटते व साखरही उतरते. वजनावर पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान उघडच आहे.

इंदापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारांच्या मोटारीची हीच तऱ्हा होती. पहाटे थंडीत ती तात्काळ सुरू होई, दिवसभर ओझे ओढी. परंतु वीस मिनिटे बंद ठेवली की सेल्फ मारून मारून बॅटरी बसे. तासाभराने मात्र काही न करता सुरू होई. त्यांनी प्रथम बॅटरी बदलली, नंतर सेल्फ बदलला. शेवटी इंजिन खोलून बोअर-पिस्टन करण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा त्यांनी आम्हांस विचारले.

आमचे मत असे पडले की इंजिन खोलण्यास घाई करू नये. रिंगा झिजून दाब कमी झाला, तर त्याची खूण बहुधा थंड सकाळी प्रथम दिसते. थंडीत चटकन सुरू होणाऱ्या मोटारीचा दोष अन्यत्र शोधावा. इंजिन बंद होताच पाण्याचे अभिसरण व पंख्याचा वारा थांबतो, आतील उष्णता बाहेर पसरते आणि भोवतालचे पंप, तारा व सेल्फ चालत्या मोटारीपेक्षाही अधिक तापतात. म्हणून परीक्षा मोटार तापलेली असतानाच केली पाहिजे. गियर न्यूट्रलला, हातब्रेक ओढलेला व चाकांस दगड लावलेला असावा.

पहिला प्रश्न: सेल्फ इंजिनास पुरेशा वेगाने फिरवितो काय? डिझेल इंजिनास मिनिटास सुमारे दीडशे-दोनशे फेरे लागतात. तांब्याचे तापमान ५० अंशांनी वाढले की त्याचा विद्युत्‌रोध सुमारे एक पंचमांशाने वाढतो. त्यात गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थची पट्टी असेल, तर थंडीत कसेबसे भागणारे काम गरमीत अडते. सेल्फ मारताना व्होल्टमीटर लावावा. १२ व्होल्टांची बॅटरी साडेनऊच्या, अगर २४ व्होल्टांची जोडी एकोणीसच्या खाली उतरली, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जड फिरत आहे असे समजावे. बॅटरी टिकून सेल्फ मंद असेल, तर आधी तारांचे जोड व अर्थ साफ करावे. सेल्फच्या बुशांची पाळी त्यानंतर.

दुसरा प्रश्न: सेल्फ जोमाने फिरत असता डिझेल पोहोचते काय? येथे तीन पायऱ्या आहेत. हातपंप मारल्यावर मोटार सुरू झाली, तर पंप एअर घेत आहे किंवा उभ्या मोटारीतील डिझेल टाकीकडे परत उतरत आहे. नळ्यांचे जोड, वॉशर व फिल्टरचे झाकण तपासावे. पंपावर विजेने चालणारी बंद-झडप असेल, तर किल्ली फिरविताच तिचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. या दोन्हींत दोष न आढळल्यास फिरत्या रचनेच्या जुन्या पंपावर ओले फडके गुंडाळून तो निववावा. त्यानंतर मोटार सुरू झाली, तर पंप झिजला असे समजण्यास बळकट आधार मिळतो. पंपातील भागांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश असते. तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटते आणि सेल्फच्या मंद गतीत नोझल उघडण्याइतका दाब चढत नाही. पंप निवला की डिझेल घट्ट होऊन गळती कमी होते.

अलीकडील कॉमन रेल इंजिनांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या नळ्यांतील दाब अतिप्रचंड असल्याने जोड कदापि सैल करू नये, जीवावर बेतेल. तेथे यंत्राने रेलचा दाब वाचावा, इंजेक्टरांतून परत येणारे डिझेल मोजवून घ्यावे आणि तापल्यावर क्रँकचा सेन्सर बंद पडतो काय हे जाणकाराकडून पाहवावे.

उपरोक्त मोटारीचा सेल्फ जोमाने फिरत होता, हातपंपाने फरक पडला नाही, झडपेचा आवाज स्वच्छ होता. ओले फडके ठेवून काही मिनिटे थांबताच मात्र ती सुरू झाली. पंप उतरवून त्याची चाचणी करविली, तो झिजलेलाच निघाला. दुरुस्तीनंतर तीच मोटार काट्यापाशी बंद करून ठेवता येऊ लागली. बॅटरी व सेल्फ यांवरील खर्च मात्र व्यर्थ गेला.

खंडेनवमीस आपण यंत्रांची पूजा करतो. त्याच आठवड्यात मोटार ओझ्यासह दहा-पंधरा मैल चालवून वीस मिनिटे बंद ठेवावी व पुन्हा सुरू करून पाहावी. दोष असेल तर तो आपल्या अंगणात कळेल व दुरुस्तीस अवधी मिळेल. उसाची खेप भरल्यावर तो अवधी कोणासही मिळत नाही.