राखेने रस्ता पक्का होतो

मंडळी, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली काळी जमीन तुम्हांला ठाऊकच आहे. कापसाला ती आई, पण रस्त्याला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते. मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर खडी आणि डांबर टाकले, तरी खालची माती हलते. रस्ता फुटतो.

मी खेड्यात मास्तर होतो. एका श्रावणात गावातली बाई अडली. बैलगाडी चिखलात रुतली. चौघांनी तिला बाजेवर घालून दवाखान्यात नेले. बाई वाचली, मूल गेले. रस्ता किती गरजेचा, हे मला त्या दिवशी कळले.

मग या मातीला उपाय काय?

शेगावहून अकोल्याला रेल्वेने जाताना पारस लागते. तिथे कोळसा जाळून वीज करतात. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. १०० किलो कोळसा जाळला, की ३० ते ४० किलो राख उरते. ही बारीक राख उडते, पिकांवर बसते, छातीत जाते. पण तीच राख रस्त्याच्या कामी येते.

कशी, ते पाहा. जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मळत. भिंत दगडासारखी होई. राखेचेही तसेच आहे.

आधी काळ्या मातीची ढेकळे फोडतात. तीत चुना आणि राख मिसळतात. साधारणपणे चुन्याच्या दुप्पट ते चौपट राख घेतात. नेमके माप माती तपासून ठरते. चुन्याने मातीचा चिकटपणा कमी होतो. मग पाणी मारून रोलर फिरवतात आणि थर काही दिवस ओला ठेवतात. चुना व राख एकजीव होऊन मातीचे कण घट्ट धरतात. माती फारशी फुगत नाही. त्यावर खडी आणि डांबर टाकतात.

मात्र नुसती राख पसरून भागत नाही. ती वाऱ्याने उडते, पावसाने वाहते. ती ओली करून, झाकून आणावी. चुन्यापासून डोळे आणि हातपाय जपावेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाल्याही हव्यात. पाणी साचले, तर चांगला रस्ताही खचतो.

राखेच्या वापराचा नियम केंद्र सरकारने १९९९ साली केला. २०२१ च्या नियमाप्रमाणे वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यांच्या कामात राख वापरायची आहे. आपला सारा जिल्हा त्यात येतो.

तेव्हा गावाला रस्ता मंजूर झाला, की ग्रामसभेत विचारा. माती तपासली का? चुना आणि राख घालणार का? नाल्या काढणार का? कामाचा फलक लागेल, तोही वाचा. आता तुम्हांला वाचता येते.