कृत्रिम दंतमुळांभोवतीचा दाह व प्रतिजैविके

१९६५ साली स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी जबड्याच्या अस्थीत टायटॅनियमचे दंतमूळ प्रथम रोविले. नैसर्गिक दातास अस्थीशी बांधणारे तंतुबंध या धातूभोवती नसतात. त्यामुळे हिरडीतील दाह अस्थीपर्यंत लवकर पोहोचतो, ती झिजते आणि अखेर मूळच गमावण्याची वेळ येते. अशा वेळी अमॉक्सिसिलीन किंवा मेट्रोनिडॅझोल लिहून देण्याकडे चिकित्सकाचा कल होतो. परंतु जंतू धातूवर चिकट थर करून राहतात व त्या थरात औषधाचा प्रभाव फारच उणा पडतो. तो थर काढून पृष्ठभाग स्वच्छ करणे हाच मुख्य उपचार होय. प्रतिजैविक केवळ साहाय्यक, आणि तेही प्रतिरोधी जंतू वाढविण्याचा धोका पत्करून.

हे साहाय्य कितपत होते? गॉथेनबर्गच्याच संशोधकांनी १०० रुग्णांवर शस्त्रक्रिया केली व त्यांपैकी काहींना १० दिवस अमॉक्सिसिलीन दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वर्षाच्या निष्कर्षांत मुद्दाम खडबडीत केलेल्या पृष्ठभागाच्या मुळांना लाभ झालेला दिसला, गुळगुळीत मुळांना नाही. (हा खडबडीतपणा अस्थीची पकड घट्ट व्हावी म्हणूनच योजिलेला असतो!) २०१७ च्या वृत्तांतानुसार तीन वर्षांअखेर औषधाचा लाभ उरला नव्हता. उरला होता तो पृष्ठभागाचा भेद: गुळगुळीत मुळांची स्थितीच अधिक चांगली होती.