आटलेले तळे आणि कॅसेटमधली खूण



पळसदेव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, भीमेचे पाणी इंदापूर तालुक्यात मागे पसरले आणि जुन्या गावाबरोबर पळसनाथाचे देऊळही त्यात गेले. ज्या उन्हाळ्यात जलाशय फार आटतो, त्या उन्हाळ्यात देवळाचे शिखर वर येते आणि इंदापूर-बारामतीकडची माणसे ते पाहायला जातात. रोज ज्याच्याकडे आपण नुसते पाणी म्हणून पाहतो, त्याच्या तळाशी देऊळ आहे, ही जाणीव मनाला हलवून जाते.

असेच एक तळे एका जपानी खेळात आहे. त्या खेळाविषयी आज बोलावयाचे आहे. व्याख्यानमालेला व्हिडिओ गेमचा विषय काहींना पोरकट वाटेल. त्यांनी आधी ऐकावे आणि मग निवाडा द्यावा, एवढीच विनंती.

खेळाचे नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. क्योतो शहरातील निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली पत्ते तयार करण्याच्या धंद्यातून उभी राहिली. तिने २१ फेब्रुवारी १९८६ रोजी आपल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्रासाठी हा खेळ काढला. १९९० नंतर आपल्या बाजारात जे ‘टीव्ही गेम’ आले, त्यांतले पुष्कळसे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. कॅसेट बसवायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा विधी त्या काळच्या मुलांना पाठ असे. मारिओ, काँट्रा हे त्यांतले लाडके खेळ. पुढे पुढे धावायचे आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून!

झेल्डाची रचना निराळी. त्याचे एक कर्ते शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे गावी, डोंगर-रानांत गेले. तेथे त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत उतरले. ते भय आणि ते कुतूहल त्यांनी पुढे पडद्यावर आणले. लिंक नावाचा मुलगा हायरूलच्या राज्यात उभा असतो. हाती तलवार नाही. कोठे जायचे ते कोणी सांगत नाही. समोरच्या कड्यात एक काळे दार दिसते. आत गेले तर एक म्हातारा लाकडी तलवार देतो. जो आत डोकावत नाही, तो रिकाम्या हाताने पुढे जातो. मग १२८ पडद्यांचा मुलूख, नऊ भुयारे, आणि राजकन्या झेल्डाने आठ तुकडे करून लपवलेले एक सोनेरी त्रिकोणी चिन्ह. ते तुकडे जुळवल्यावाचून गॅनन राक्षसाशी गाठ पडत नाही.

लढाई खेळणाऱ्याच्या बोटांच्या चपळाईने होते, म्हणून अशा खेळाला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. नायकाची भूमिका घ्यावी आणि त्याचे बळ हळूहळू वाढवावे, याला ‘रोल-प्लेइंग’ म्हणतात. येथे जिवाची तीन हृदये असतात, ती सोळापर्यंत वाढतात. परंतु अनुभवाचे गुण मोजून बळ देण्याची पद्धत यात नाही. म्हणून याला पुरता रोल-प्लेइंग म्हणावे की नाही, यावर जाणकारांत वाद आहे. पुढचे तसले कितीतरी खेळ मात्र याच वाटेने गेले.

आता ते तळे. या मुलुखात काही तळ्यांवर परी राहते आणि जखमा भरून काढते. एका तळ्यावर परी नाही. खेळाडू तेथून दहा वेळा जातो आणि रिकामे तळे म्हणून पुढे सरकतो. पण परी नसेल तेथे गुपित असते, असे एका म्हाताऱ्याने सुचवून ठेवलेले असते. पाचव्या भुयारात मिळालेला पावा त्या काठी वाजवला की पाणी आटते आणि तळाशी पायऱ्या दिसतात. तेच सातवे भुयार! जे आहे ते सर्वांनाच दिसते. जे असायला हवे होते आणि नाही, ते दिसायला नजर तयार व्हावी लागते. ही नजर हा खेळ तयार करतो.

एवढे हिंडणे एका बैठकीत होत नाही. बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहून मोरोपंत पुराण सांगत. पुराण काही एका दिवसात संपत नाही. आज थांबलो तेथे पोथीत खूण, उद्या तेथून पुढे. झेल्डालाही अशी खूण हवी होती. जपानात खेळ चुंबकीय तबकडीवर होता, म्हणून खूण तिच्यावरच लिहिता येई. १९८७ साली अमेरिकेत तो कॅसेटमध्ये घातला, तेव्हा आत दोन स्मृती बसवल्या. एक छापील पोथीसारखी, १२८ किलोबाइटांची. तिच्यात सारा खेळ. वीज नसली तरी ती पुसली जात नाही. दुसरी पाटीसारखी, अवघ्या ८ किलोबाइटांची. तिच्यावर तीन खेळाडूंची नावे, त्यांची हृदये, त्यांनी जिंकलेली भुयारे. पाटीवरची अक्षरे टिकायला वीज अखंड लागते. ती पुरवी बटणाएवढा ३ व्होल्टचा लिथियम सेल. यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा, अशी सूचना असे. कारण वीज उतरत असताना यंत्राचा हात जणू थरथरतो आणि पाटीवर भलतेच अक्षर उमटते.

हा सेल पुष्कळ वर्षे टिकतो, परंतु अमर नाही. तो संपला की पोथी शाबूत राहते, पाटी मात्र कोरी होते. खेळ दुसऱ्या यंत्रावर पुन्हा खेळता येईल. पण बाराव्या वर्षी जागून काढलेली वाट आणि शेजारी लिहिलेले धाकट्या बहिणीचे नाव पुन्हा मिळत नाही. जाणकार माणूस जुना सेल काढण्यापूर्वी दुसरी वीज जोडून ठेवतो. तेवढ्या दक्षतेने खूण वाचते.

पळसनाथाचे शिखर पाणी हटले की पुन्हा दिसते. पण त्या गावातली कोणती आळी कोठे होती, विहिरीला काय म्हणत, कोणत्या शिवाराचे नाव काय, हे शिखर सांगत नाही. ते लिहिले आहे म्हाताऱ्या माणसांच्या मनाच्या पाटीवर. ती पाटी कोरी होण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि उतरून घ्यावे. पाणी आटण्याची वाट पाहू नये.