गाडी ओढत नाहीं तेव्हां



माझ्या परिचयाचे एक आंब्यांचे व्यापारी आहेत. रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या कोल्हापूरच्या बाजारांत पोंचविण्याचा त्यांचा व्यवसाय, आणि त्या व्यवसायाचा सारा भार पंधरा वर्षांच्या एका जुन्या डिझेल पिकअप गाडीवर. गेल्या वैशाखांत ही गाडी आंबा घाटांत दम तोडूं लागली. साखरप्यापर्यंत ती सुरळीत येई. चढ लागून दहा-पंधरा मिनिटें झालीं कीं तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि शेवटीं पाय तळाला टेकला तरी गाडी पुढें सरकेना. एका गॅरेजवाल्यानें बॉनेटहि न उघडतां "इंजिनाचें काम करावें लागेल" असा निकाल दिला. इंजिन उतरवावयाचें म्हणजे पंधरा दिवसांची खोटी. आणि हापूसचा हंगाम तो केवढा! कर्ज काढावें कीं गाडी विकावी, या विवंचनेंत ते गृहस्थ माझ्याकडे आले.

मीं त्यांना एकच विचारलें, "घाटांत थांबल्यावर पुढें काय होतें?" ते म्हणाले, "अर्धा तास उभी केली कीं नव्यासारखी चालते, आणि दहा मिनिटांनीं पुन्हा तेंच." या उत्तरांतच निदानाची किल्ली होती, परंतु ती कशी फिरवावयाची हें समजण्यासाठीं डिझेल इंजिन कशावर जगतें तें आधीं पाहूं.

या इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्श्यापर्यंत चेपतो. त्या दाबानेंच ती इतकी तापते कीं नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें ही गोष्ट यशस्वी करून दाखविली, आणि मूळ तत्त्व अद्यापि तेंच आहे. तेव्हां शक्ति कमी झाली असतां हवा अपुरी पडते, इंधन अपुरें पडतें, कीं हवा चेपण्याची सिलिंडराची ताकद गेली, हे तीन प्रश्न उभे राहतात. गॅरेजवाल्यांच्या डोक्यांत तिसरा आधीं येतो, कारण तो सर्वांत खर्चाचा!

वैद्य जशी नाडी पाहतो तसा जाणता मिस्त्री आधीं धूर पाहतो. भरलेली गाडी चढावर असतांना दुसऱ्या वाहनांतून मागें राहून तो पाहावा. दाट काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानानें हवा कमी, किंवा नोझल बिघडल्यामुळें फवारा न होतां थेंब पडत आहेत. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. पांढरा धूर अर्धवट जळलेल्या डिझेलचा असतो. त्यांतच रेडिएटरचें पाणी रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. आणि गाडी ओढत नाहीं, पण धूरहि नाहीं, अशी स्थिति असेल तर ती बहुधा इंधनाची उपासमार समजावी. आमच्या व्यापाऱ्यांच्या गाडीचा धूर ऐन चढावर जवळजवळ दिसेनासा होत असे.

हवेविषयीं थोडें सांगतों. अडीच लिटरचें साधें इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतां साडेतीन हजार लिटरांच्या आसपास हवा ओढतें. ही सारी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते, आणि आपल्याकडील रस्त्यांची धूळ आपण जाणतांच. फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो बदलावा. टर्बो असलेल्या गाडीत रबरी होज पाइप हाताशीं वांकवून पाहावा. त्याची चीर उभ्या गाडीत मिटलेली राहते आणि भाराखालीं उघडते. भोंवतालीं तेलकट काजळी दिसली कीं चोर सांपडला. येथें एक न्याय्य सवलतहि द्यावी. टर्बो नसलेली गाडी महाबळेश्वरास, म्हणजे सुमारें १,३५० मीटर उंचीवर, विरळ हवेमुळें आठवा हिस्सा तरी शक्ति गमावतेच. त्याला रोग म्हणूं नये.

कित्येकदां दोष इंजिनांत नसतोच. इंजिन बंद ठेवून एकानें ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्यानें पंपावरील दांडी शेवटपर्यंत जाते कीं नाहीं तें पाहावें. तार ढिली झाल्यामुळें, किंवा पायाखालचें जाड पायपुसणें आड आल्यामुळें, "अशक्त" ठरलेल्या गाड्या मीं पाहिल्या आहेत. चालवून आणल्यावर एखादें चाक इतरांहून फार तापलें असेल तर तेथें ब्रेक धरून बसला आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाहीं, तेव्हां क्लच प्लेट घसरते आहे.

राहिली सिलिंडराची ताकद. इंजिन मंद चालूं असतां तेलाचें झांकण जपून उघडावें. तेथून धुराचे जोरदार लोट येत असतील तर पिस्टन रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे, आणि मग दाबमापकानें प्रत्येक सिलिंडर तपासून घ्यावा. तोंवर इंजिनाला पाना लावूं देऊं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. झिजलेलें इंजिन अर्ध्या तासाच्या विसाव्यानें तरुण होत नाहीं. विश्रांतीनें जें बरें होतें तें कोठेंतरी अडणारें आणि सुटणारें असलें पाहिजे. डिझेलचा फिल्टर नुकताच बदललेला होता. टांकीच्या झांकणाला हवा आंत येण्यासाठीं बारीक छिद्र असतें. तें बुजलें तर आंत पोकळी निर्माण होऊन डिझेल येईनासें होतें, आणि झांकण उघडतांच फुस्स असा आवाज होतो. घाटांत गाडी अडल्यावर झांकण उघडून पाहिलें; आवाज नाहीं. मग एका मिस्त्रीच्या देखरेखीखालीं स्वच्छ डिझेलचा डबा हौद्यांत घट्ट बांधला, इंजिनाकडे जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही नळ्या त्यांत सोडल्या, आणि तोच घाट पुन्हा चढलों. पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग चुकूनहि करूं नये. गाडी न थांबतां माथ्यावर आली. इंजिन निर्दोष सुटलें.

टांकी उतरविली, तेव्हां आंत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा तरंगत होता. नरसाळ्याच्या तोंडाशीं गाळणी म्हणून कोणींतरी तो कधीं काळीं लावला असावा. सपाट रस्त्यावर डिझेल थोडें लागतें, म्हणून तो दूर राही. चढावर ओढ वाढली कीं शोषनळीच्या तोंडावर जाऊन चिकटे, आणि इंजिन थांबलें कीं सुटून पुन्हा तरंगे. दुसऱ्याच दिवशीं गाडी पेट्या घेऊन निघाली. टांकी धुतांना तळाशीं वाटीभर पाणीहि निघालें. तें पंपांत पोंचलें असतें, तर हंगाम खरोखरच गेला असता.