लंबगोल पिस्टनची होंडा

पिस्टन वरून बघितला तर भाकरीसारखा गोल. होंडाच्या 'एनआर'मध्ये मात्र तो चक्क लांबट, दोन्ही टोकांना गोलसर. हा उपद्व्याप कशासाठी?

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ५०० सीसी शर्यतींवर टू-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. त्यांच्या सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर फेरीला स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच. होंडाला फोर-स्ट्रोकनेच जिंकायचं होतं. म्हणजे इंजिन खूपच जोरात फिरायला हवं, आणि त्याला हवाही तेवढीच भराभर मिळायला हवी. आठ सिलिंडर असते तर काम सोपं झालं असतं, पण नियमाची मर्यादा चारच! मग दोन-दोन सिलिंडर जणू एकात एक मिसळले: एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड, ८ व्हॉल्व्ह. नियम मोडला नाही, नुसता ताणला.

१९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला एनआर५०० उतरली. दोन्ही गाड्या शर्यत पुरी न करताच बाद. पुढेही जागतिक स्पर्धेत तिला एकही गुण मिळाला नाही. शेवटी होंडाने मुकाट्याने टू-स्ट्रोक गाडी बनवली, आणि १९८३ मध्ये फ्रेडी स्पेन्सर तिच्यावर जगज्जेता झाला.

तरी हट्ट सुटला नाही, आणि मला तोच आवडतो. १९९२ मध्ये रस्त्यावरची एनआर आली: ७५० सीसी, ३२ व्हॉल्व्ह, टायटॅनियमचे ८ रॉड. जेमतेम ३०० च्या आसपास गाड्या निघाल्या. सीटखालचे सायलेन्सर दोनच वर्षांत डुकाटी ९१६ वरही दिसले. पिस्टन मात्र कुणी उचलला नाही.