आधी हिस्से, मग कौले

माणगाव तालुक्यातल्या आपल्या मोहल्ल्यांतून मे महिन्यात फिरावे, तर घरे उघडी दिसतात. कोणी मुंबईहून, कोणी कुवेत-दुबईहून, कोणी थेट इंग्लंडहून आलेले असते. ओटीवर खुर्च्या पडतात, आंबे उतरवले जातात, शाद्या उरकतात. जूनचा पहिला पाऊस आला की दारांना पुन्हा कुलपे लागतात. ज्या चार महिन्यांत घराला माणसाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमके तेच चार महिने ते एकटे उभे असते. मोर्बा असो, गोरेगाव असो की पलीकडचा म्हसळा, प्रत्येक गावात आता अशी काही घरे आहेत, ज्यांचे कुलूप मे महिन्यातही निघत नाही. मालक विचारले तर वीस नावे सांगतात. पण कौल बदलायला माणूस कोणी पाठवायचा, हे कोणी सांगत नाही.

हे दुखणे आपल्याच कोकणाचे आहे असे नाही. आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत असलेला जपान आज याच प्रश्नाशी झगडतो आहे.

जपानची रिकामी घरे

जपान सरकारने २०२३ साली घरांची पाहणी केली, तेव्हा देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी असल्याचे आढळले. एकूण घरांच्या १३.८ टक्के, म्हणजे साधारण दर सात घरांमागे एक. तिथे अशा घराला ‘अकिया’ म्हणतात. निइगाता, अकिता, यामागाता या बर्फाळ भागांतली तरुण मुले टोकियो-ओसाकाला गेली, आईवडील वारले, घर राहिले. गावच्या नगरपालिका आता अशा घरांच्या याद्या प्रसिद्ध करतात. काही घरे जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतात. परदेशी माणसालाही तिथे घर विकत घेता येते, म्हणून बाहेरचे लोकही हौसेने घेतात.

घेणे सोपे असते, राखणे अवघड. हिवाळ्यात छपरावर मीटरभर दबलेला बर्फ साचला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० किलो वजन येते. १०० चौरस मीटरच्या छपरावर ते ३० टन होते. म्हणून एका हिवाळ्यात अनेकदा छपरावर चढून फावड्याने बर्फ खाली लोटावा लागतो. गावात उरले म्हातारे. दर हिवाळ्यात छपरावरून पडून काही जण जीव गमावतात. मालक शहरात असेल तर हे काम मजुरी देऊन करून घ्यावे लागते. ज्या वर्षी ते झाले नाही, त्या वर्षी आढे वाकते.

दुसरी अडचण कागदाची. आजोबांच्या नावावरचे घर, वारस वेगवेगळ्या शहरांत, नोंद कोणीच केलेली नाही. शेवटी सरकारला कायदा करावा लागला. १ एप्रिल २०२४ पासून तिथे वारसाने मिळालेल्या जागेची नोंद तीन वर्षांच्या आत करणे सक्तीचे आहे. विनाकारण टाळल्यास एक लाख येनपर्यंत दंड होतो.

आपला बर्फ म्हणजे पाऊस

आपल्याकडे बर्फ नाही, पण रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. हिशेब केला तर १०० चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी कोसळते. बर्फ वजनाने घर मोडतो, पाऊस भोक शोधतो.

भोक पडायला मोठे कारण लागत नाही. माकडे कौलांवरून उड्या मारतात, नारळाची झावळी पडते, एक कौल फुटते. घरात माणूस असेल तर त्याच रात्री टोप ठेवला जातो आणि सकाळी कौल बदलले जाते. कुलपातल्या घरात तेच पाणी चार महिने एकाच जागी पडत राहते. आधी रीप कुजते, मग वासा. पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरले की मातीत बांधलेली भिंत आतून सुटते. ओल आली की वाळवी आलीच. तीन-चार पावसाळ्यांत पाखे खाली बसते.

जुन्या घरांना आणखी एक रखवालदार होता, तो म्हणजे चुलीचा धूर. तो रोज माळ्यावरून कौलांतून बाहेर जाई. लाकूड सुके राही, कीड लांब राही. जपानमधल्या गवती छपरांच्या घरांतही मधोमध पेटती चूल असे आणि तिच्या धुराने गवत व दोर टिकत. तिथेही चूल विझली आणि छपरे कुजू लागली.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, रोह्यापर्यंत कौले आणि पत्रे उडवून गेले. तो टाळेबंदीचा काळ होता. मुंबईतली माणसे निघू शकत नव्हती, आखातातली विमाने बंद होती. ज्या घरांत माणसे होती त्यांनी ताडपत्री तरी ओढली. कुलपातल्या घरांवर त्या वर्षीचा सारा पावसाळा उघड्या छपरातून पडला.

घर कोणाचे?

कौले बदलायला खर्च येतो, पण घरे बहुधा खर्चापायी पडत नाहीत. ‘मीच का करू?’ या प्रश्नापायी पडतात. आणि त्या प्रश्नाचे उत्तर हिस्से ठरल्याशिवाय मिळत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. वालिद वारले, मागे बेवा, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत, आजी-आजोबा आधीच वारलेले आहेत. कर्ज आणि वसियत फेडल्यावर घराचे आठ भाग करा. एक भाग अम्मीचा, प्रत्येक मुलाचे दोन-दोन, प्रत्येक मुलीचा एक-एक. म्हणजे ज्या घराला गाव ‘दोघा भावांचे घर’ म्हणते, त्यातले आठापैकी तीन भाग बहिणींचे आहेत. अम्मी गेल्यावर तिचा भागही मुला-मुलींत वाटला जातो. पुढे एक भाऊ वारला की त्याची बायको-मुले आली. दोन पिढ्या असे चालले की एकाच घराला पंचवीस-तीस हिस्सेदार होतात, आणि त्यांतल्या काहींनी ते घर पाहिलेलेही नसते.

आपल्याकडे बहिणीचा हिस्सा बहुधा मुरवतीत जातो. ‘ती काही मागत नाही’ असे म्हटले जाते. मागत नाही म्हणजे सोडला असे नाही. शरियतने ठरवलेला हिस्सा मागण्यावर अवलंबून नाही. तो वालिदांचा श्वास थांबल्या क्षणी तिचा झालेला असतो. वालिद हयात असताना मात्र कोणाचाच वारसाहक्क तयार झालेला नसतो, म्हणून त्या वेळी मुलीकडून घेतलेल्या ‘हक्क सोडला’ या सहीवर विसंबू नये. नंतर तिला खरोखर सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, आणि ते तिच्या राजीखुशीचे हवे. भावाने तिच्या हिश्शाची किंमत देणे हा त्याहून सरळ मार्ग.

आपल्या महसूल कायद्यातही वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. जपानने तीन वर्षे दिली, आपल्याला तीन महिने आहेत. आपल्या किती घरांत हे पाळले जाते, ते ज्याचे त्याने पाहावे.

घेणाऱ्याने काय पाहावे

महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही माणगावला असल्याने इथले जुने घर घ्यावे, असे अनेकांच्या मनात येते. कधी घेणारा घरातलाच असतो: एक भाऊ बाकीच्यांचे हिस्से घेतो. दोघांनीही पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा. तो मालकीचा पुरावा नाही, कर कोणाकडून घ्यायचा याची ती नोंद आहे. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका झाली आहे का ते विचारा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. मोजणीच्या वेळी घर बंद असेल तर त्यावर कोणाचे नाव लागले ते आवर्जून पाहा.

दुसरी, घर गावठाणात असले तरी मागची वाडी सातबाऱ्यावर असू शकते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. परदेशात राहणारा भारतीय इथे राहते घर घेऊ शकतो, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवू शकतो. घर घेतले आणि विहीर-वाडी दुसऱ्याची राहिली, तर भांडण परसातच उभे राहते.

तिसरी, सगळ्या वारसांच्या सह्या. एका हिस्सेदाराला स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येतो, पूर्ण घर नाही. वारसांत कोणी अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा आई किंवा चुलता आपल्या सहीने विकू शकत नाही. न्यायालयाची परवानगी लागते. आखातातल्या भावाचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. मग वकिलाकडून जुन्या व्यवहारांचा शोध, आणि शेवटी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत. हिबा करायचा असेल तर देणाऱ्याने द्यावे, घेणाऱ्याने कबूल करावे आणि ताबा खरोखर सोपवावा. तोंडी हिबा कायद्याने चालतो, पण लिहून नोंदवलेला बरा.

चौथी, घर जुलैत पाहा. फेब्रुवारीत प्रत्येक घर सुके असते. मुसळधार पावसात माळ्यावर बॅटरी घेऊन चढा, वाशांच्या टोकाशी आणि भिंतीच्या माथ्याशी खिळा टोचून पाहा. खिळा लोण्यात गेल्यासारखा गेला तर ते लाकूड संपले. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब जाते का, तेही त्याच वेळी दिसते.

वर्षाचे वेळापत्रक

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात छपरावरचे शेवाळ आणि भिंतीतली पिंपळाची रोपे काढावीत. पिंपळ एक वर्ष राहिला तर मूळ भिंत फोडते. थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाकूडकाम: वाळवीची वारुळी नळी दिसली तर औषध मारणे, कुजलेला वासा बदलणे, सागाला तेल देणे.

मे महिन्यात शाकारणी. कौले काढून झाडावीत, फुटकी बदलावीत, कोने पक्के करावेत, पन्हाळीतला पाला काढावा, छपरावर झुकलेल्या फांद्या तोडाव्यात. मंगलोरी कौले आपल्या देशात १८६५ पासून बनत आली. बासेल मिशनने मंगलोरला पहिला कारखाना काढला. पण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, म्हणून शेजारचे घर मोडत असेल तर आपल्या छापाची शंभर-दोनशे कौले घेऊन परसात रचून ठेवावीत. पडवीला पश्चिमेकडून झाप किंवा ताडपत्री बांधावी. जपानी माणूसही हिवाळ्याआधी खिडक्यांना अशाच फळ्या ठोकतो.

भिंतीला घाईने सिमेंटचा गिलावा करू नये. माती-चुन्यातली भिंत ओल घेते आणि सोडते; सिमेंटने तिचे तोंड बंद होते, ओल आत राहते आणि गिलावा भिंतीसकट सुटतो. चुन्याचाच गिलावा करावा. मातीच्या भिंतीवर स्लॅब तर टाकूच नये. कौलांऐवजी पत्रे घातले तर निसर्गचा धडा लक्षात ठेवून ते हुकाने वाशांना घट्ट बांधावेत.

जून ते सप्टेंबर एक माणूस हवा, जो आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडेल, माळा पाहील आणि मोबाईलवर फोटो पाठवील. त्याला वाजवी पगार द्यावा. ‘जाता-येता बघ’ म्हटले की कोणी बघत नाही.

खर्चाची वही

जपानमधल्या शिराकावा-गो या गावाची उतरत्या गवती छपरांची घरे १९९५ पासून जागतिक वारसा आहेत. एका घराचे छप्पर बदलायला सारे गाव जमण्याची तिथे रीत आहे. आपल्याकडेही सावड होतीच. आज याच्या घराला, उद्या त्याच्या. आता हात गावात नाहीत, म्हणून सावड पैशाची करावी लागेल. ज्याचा जितका हिस्सा तितका खर्च, एक वही, वर्षातून एकदा सर्वांना हिशेब. ज्या बहिणीकडून खर्चाचा वाटा घ्यायचा, तिला मे महिन्यात राहायला खोलीही द्यायची, हे ओघानेच आले.

आणि कोणालाच जमत नसेल, तर छप्पर शाबूत आहे तोवर घर विकून टाकावे. आपल्यातल्याच एखाद्याला, नाहीतर राहणाऱ्या कुटुंबाला. उभ्या घराची किंमत येते, तिच्यातून प्रत्येकाचा हिस्सा चुकता होतो, आणि त्या घरात पुन्हा चूल पेटते. पडलेल्या घरातून बहिणीच्या हाती काय द्यायचे?